वर गेल्यावर कोण शिकवतं?

एका प्रशिक्षण शिबिरातली एक रिकामी खुर्ची बरेच दिवस माझ्या डोक्यात घर करून आहे. विभागप्रमुखांसाठी दोन दिवसांचं शिबिर होतं. उद्घाटनाला संस्थेचे सर्वोच्च अधिकारी आले, माणसानं आयुष्यभर विद्यार्थी राहिलं पाहिजे यावर अगदी मनापासून बोलले, टाळ्या झाल्या आणि टाळ्या विरायच्या आत ते पुढच्या कामासाठी निघून गेले. पहिल्या रांगेत त्यांच्या नावाची पाटी, कोरी वही आणि टोपणही न काढलेलं पेन दोन्ही दिवस तसंच पडून होतं. त्यांच्या बोलण्यात खोटेपणा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्यांचं वाचन दांडगं आहे आणि त्यांना खरंच वेळ नसतो. मला खुपलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी गटचर्चेत माल रवानगी सांभाळणारा एक अबोल माणूस पहिल्यांदाच बोलला. म्हणाला, "आपला निम्म्याहून जास्त माल महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत निघतो, कारण विक्रीचं उद्दिष्ट महिन्यावर मोजलं जातं. आणि त्या चार दिवसांच्या घाईत झालेल्या चुका निस्तरण्यात पुढच्या महिन्याचे पहिले आठ-दहा दिवस जातात." प्रशिक्षकानं ते फळ्यावर लिहिलं, आम्ही माना डोलावल्या, पुढचं सत्र सुरू झालं आणि फळा पुसला गेला.

प्रशिक्षकाच्या स्लाइड त्या साहेबांना नंतर मेलनं मिळाल्या असतीलच. हे वाक्य मात्र त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

का पोचलं नाही, याचा विचार करताना मला माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षं आठवतात. तेव्हा शिकवणारे पावलोपावली होते. लिहिलेलं पत्र लाल खुणांनी भरून परत यायचं. बैठकीत चुकीचा आकडा सांगितला की कुणीतरी तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, आणि दोन दिवस कानाची पाळी गरम राहायची. पुढे बढत्या मिळत गेल्या आणि खुणा कमी होत गेल्या. मग एक दिवस लक्षात आलं, की आपण पाठवलेला मसुदा जसाच्या तसा, एका शब्दाचाही बदल न होता परत येतोय. आपल्या साध्याशा विनोदावर लोक जरा जास्तच वेळ हसतायत. आपण बोलायला लागलो की समोरच्याचं बोलणं अर्ध्यावर थांबतंय. बढतीच्या पत्रात पगार, रजा, अधिकार सगळं लिहिलेलं असतं. यापुढे तुम्हाला कुणी चूक दाखवणार नाही, हे तेवढं लिहिलेलं नसतं.

यात कुणी खोटं बोलत नाही, हे मला मुद्दाम सांगायचंय. गोदामातला माणूस म्हणतो, माल अडकलाय. त्याचा वरिष्ठ लिहितो, मालाला थोडा उशीर होतोय. त्याच्यावरचा म्हणतो, काही अडचणी होत्या, मार्ग निघतोय. सगळ्यात वरच्या टेबलावर कागद येतो तेव्हा त्यावर 'परिस्थिती नियंत्रणात' एवढंच उरलेलं असतं. प्रत्येकानं आपापल्या पायरीवर शब्द थोडासा मऊ केला, तोही बहुतेक वेळा भलेपणानं, वरच्याला उगाच त्रास नको म्हणून. अशा मऊ कागदांवर रोज निर्णय घेणाऱ्या माणसानं रात्री जागून कितीही पुस्तकं वाचली, तरी स्वतःच्या धंद्याबद्दल तो दिवसेंदिवस अडाणीच होत जाणार. नेतृत्व आणि शिक्षण यांबद्दल बोलताना आपण अभ्यासक्रम, पदव्या, वाचनाच्या याद्या यांवरच घोटाळत राहतो. माझ्या मते खरी अडचण आधीच्या पायरीवर आहे. आपल्यापर्यंत येणाऱ्या वाटा आपल्या पदानंच बंद केलेल्या असतात, आणि त्या आपल्यालाच, रोज, हातानं उघड्या ठेवाव्या लागतात.

अॅलन मुलाली 2006 च्या सप्टेंबरमध्ये बोइंग सोडून फोर्डचे प्रमुख झाले, तेव्हाची हकिगत मी अनेकांना सांगत असते. त्या वर्षी फोर्डला 12 अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला. मुलालींनी दर गुरुवारी सगळ्या वरिष्ठांची बैठक सुरू केली. प्रत्येकानं आपल्या कामाचे तक्ते आणायचे, सुरळीत असेल तिथे हिरवा रंग, काळजी असेल तिथे पिवळा, अडलं असेल तिथे लाल. सुरुवातीच्या बैठकांमध्ये तक्ते हिरवेगार. आपण अब्जावधी डॉलर गमावतोय आणि तरी काहीच बिघडलेलं नाही का, असं मुलालींनी विचारलं. सगळे गप्प. त्यानंतर एका गुरुवारी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीचा तक्ता लाल दाखवला. गाडीच्या मागच्या दारात काहीतरी दोष होता आणि त्यांनी गाड्या कारखान्यातच थांबवून धरल्या होत्या. खोलीत शांतता पसरली. यांची नोकरी गेली, असंच बहुतेकांना वाटलं असणार. मुलाली टाळ्या वाजवू लागले. हे इतकं स्पष्ट दिसतंय हे छान झालं, आता यांना मदत कोण करू शकेल, असं त्यांनी विचारलं आणि एकेक जण बोलू लागला. तरीही बाकीच्यांचे तक्ते रंगीत व्हायला आणखी काही बैठका जाव्या लागल्या. फील्ड्स अजून आपल्या खुर्चीवर आहेत का, हे आधी सगळ्यांनी पाहून घेतलं. पुढे 2014 मध्ये तेच फील्ड्स फोर्डचे प्रमुख झाले.

मला या हकिगतीत त्या मधल्या काळाचं फार महत्त्व वाटतं. टाळ्या एका क्षणात वाजवता येतात, पण त्यावर विश्वास बसायला लोक वेळ घेतात आणि त्यांनी तो घेतलाच पाहिजे. 'माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे' असं जाहीर करणारे कितीतरी प्रमुख मी पाहिलेत. दार खरंच उघडं असतं, आत कुणी जात नाही एवढंच. आधी जो गेला होता त्याचं पुढे काय झालं, हे अख्ख्या मजल्याला पाठ असतं.

एमी एडमंडसन या संशोधक नव्वदच्या दशकात रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या वॉर्डात माणसं एकमेकांशी चांगलं जुळवून काम करतात तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांमध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. शोध घेतल्यावर कळलं, की त्या गटांत चूक झाली तर ती बोलून दाखवायची भीती नव्हती, म्हणून ती नोंदली जात होती. इतर ठिकाणी ती पोटात ठेवली जात होती. हे वाचल्यापासून एखाद्या विभागाचा अहवाल फार नितळ असला की मला हायसं वाटण्याऐवजी तिथे जाऊन बसावंसं वाटतं.

जाऊन बसण्यावरून आमच्या मॅडम आठवल्या. माझ्या पहिल्या नोकरीत त्या विभागप्रमुख होत्या, निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. विभागात नुकताच एक मुलगा रुजू झाला होता, संगणकावर तक्ते करण्यात तरबेज. मॅडम त्याला केबिनमध्ये बोलवू शकल्या असत्या. त्या संध्याकाळी, बरेचसे लोक गेल्यावर, स्वतःची खुर्ची सरकवत त्याच्या टेबलापाशी नेत आणि शेजारी बसत. चष्मा कपाळावर, हातात पेन्सिल, समोर जुन्या अहवालाचे पाठकोरे कागद. तो पटापट माउस फिरवायचा आणि त्या म्हणायच्या, "हळू. परत दाखव. आता हे तू नेमकं कुठे दाबलंस?" एकदा तो अवघडून म्हणाला, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेताय? मी करून देतो ना." त्यावर त्या म्हणाल्या, "तू करून दिलंस तर मला उत्तर मिळेल रे. मला प्रश्न बदलून बदलून बघायचाय." मी पलीकडच्या टेबलावर माझं काम उरकत होते. ते वाक्य मी त्या दिवशी टिपून ठेवलं नाही, पण ते राहिलंच. ग्राहकांकडून परत येणाऱ्या मालाचा तक्ता त्या स्वतः उलटसुलट फिरवून पाहायला लागल्या. आधी महिन्यानुसार, मग वस्तूनुसार, मग ग्राहकानुसार. परत येणारा बराचसा माल ठरावीक ग्राहकांकडूनच येतो आणि त्या सगळ्यांना एकाच जुन्या माहितीपत्रकावरून विक्री झालेली असते, हे त्यांना असंच सापडलं. बैठकीत त्यांनी ते त्या मुलाचं नाव घेऊन सांगितलं.

पण त्याहून मोठी गोष्ट काही महिन्यांनी घडली. तोच मुलगा त्यांच्या केबिनच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, वर पाठवलेल्या अहवालात एक आकडा दोनदा धरला गेलाय." अहवालावर सही मॅडमची होती. रुजू होऊन वर्षही न झालेला मुलगा विभागप्रमुखांना हे सांगायला आला, कारण आपल्याशेजारी बसून चुकताना त्यानं त्यांना पाहिलं होतं. शिकण्याचा हा भाग कुठल्याही अभ्यासक्रमात सापडत नाही. वरच्या माणसाला अडखळताना, पुन्हा विचारताना लोकांनी पाहिलं, की त्यांना बोलायची परवानगी मिळते. ती परिपत्रक काढून देता येत नाही.

टोयोटाचे अकिओ टोयोडा यांची गोष्ट याच जातीची आहे, फक्त जास्त धारदार. संस्थापकांच्या घराण्यातले, कंपनीचे वरिष्ठ अधिकारी. हिरोमु नारुसे हे तिथले गाड्यांच्या चाचण्या घेणारे मुरलेले चालक. ज्याला गाडी चालवण्याचं मूलभूत तंत्रही येत नाही त्यानं गाड्यांबद्दल मतं देऊ नयेत, अशा अर्थाचं नारुसे त्यांना तोंडावर बोलले. अकिओंनी राग गिळला की त्यांना रागच आला नाही, मला ठाऊक नाही. त्यांनी नारुसेंकडेच शिकायला सुरुवात केली आणि 2007 मध्ये जर्मनीतल्या नूरबर्गरिंगच्या 24 तासांच्या शर्यतीत ते 'मोरिझो' हे टोपणनाव घेऊन स्वतः उतरले, नारुसेंच्या बरोबरीनं. 2009 मध्ये ते टोयोटाचे अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी नारुसे जर्मनीत एका चाचणीदरम्यान अपघातात गेले.

इथेच थांबले तर ही गोष्ट फार गोड होईल. पण तेच 2010 साल टोयोटासाठी भयंकर होतं. दोषांमुळे लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि फेब्रुवारीत अकिओंना अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभं राहावं लागलं. माणसं आणि संघटना घडवण्याचा आमचा जो वेग होता, त्याहून जास्त वेगानं आम्ही वाढीच्या मागे गेलो, असं त्यांनी तिथे कबूल केलं. एका माणसाचं शिकणं आणि संस्थेचं शिकणं यांत केवढं अंतर असतं, ते मला त्यात दिसतं. प्रमुख कितीही चांगला विद्यार्थी असो, लाखो माणसांच्या संस्थेत ती सवय झिरपायला वर्षानुवर्षं लागतात. तोवर विक्रीचा आकडा मात्र थांबून राहत नाही. वाढीचं नियोजन करताना आपण यंत्रं किती लागतील, भांडवल किती लागेल हे काटेकोर काढतो. एवढी माणसं तयार व्हायला किती वेळ लागेल हा रकाना त्यात बहुधा नसतो.

मनात एक दुसरी बाजूही आहे आणि ती मला खोटी वाटत नाही. शिकण्याचा सोस असलेल्या वरिष्ठांच्या हाताखालची माणसं दमतात. साहेबांनी नवं पुस्तक वाचलं की पुढच्या बैठकीत नवे शब्द येतात, नवे तक्ते येतात, जुने अर्धवट तसेच राहतात. नव्याचे नऊ दिवस संपले की पुढचं पुस्तक. हे शिकणं मला मान्य नाही, कारण त्यात शिकतो एक आणि सराव करावा लागतो दुसऱ्यांना. आणि संकटाच्या दिवसांत लोकांना ठाम माणूस लागतो, हेही मी अनुभवलंय. पगार वेळेवर होतील का, असं विचारणाऱ्याला 'आपण सगळे मिळून शोधू या' हे उत्तर देणं क्रूरपणाचं आहे. तिथे आकडा माहीत हवा आणि तो सांगायची हिंमत हवी. म्हणूनच 'मला माहीत नाही' हे म्हणणाऱ्या प्रमुखाबद्दल माझ्या मनात आदर असतो तो त्याच्या पुढच्या वाक्यामुळे. कुणाला विचारणार, कधीपर्यंत सांगणार, हे तो बोलतो की नाही, ते मी पाहते.

शिकण्यातला सगळ्यात अवघड भाग जुनं सोडण्याचा आहे, असं अनेक जण म्हणतात. मला ते पटलं संगणकाच्या चिप बनवणाऱ्या इंटेलच्या अँडी ग्रोव्ह या वरिष्ठ अधिकाऱ्याच्या आठवणीमुळे. 1985 च्या मध्यावर इंटेलचा मेमरी चिपचा धंदा जपानी कंपन्यांपुढे हरत चालला होता, आणि याच चिपनी तर कंपनी उभी केली होती. ग्रोव्हनी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख गॉर्डन मूर यांना विचारलं, संचालक मंडळानं आपल्याला काढून नवा प्रमुख आणला तर तो काय करेल? मूर लगेच म्हणाले, मेमरीतून बाहेर पडेल. मग आपणच दारातून बाहेर जाऊन परत आत येऊन ते का करू नये, असं ग्रोव्ह म्हणाले. ही गोष्ट सगळे सांगतात. तिचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. वर हा घोळ चालू असताना, उत्पादनाचं नियोजन करणारी मधल्या फळीतली माणसं, ज्या चिपमध्ये जास्त नफा तिला जास्त जागा या साध्या नियमानं, कारखान्यांची क्षमता मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे आधीच वळवत आली होती. म्हणजे कंपनीच्या हातांना कळलं होतं, डोक्यापर्यंत पोचायचं बाकी होतं. ग्रोव्हनी हे स्वतःच लिहून ठेवलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपल्या सर्वांत गाजलेल्या निर्णयाचं श्रेय अशा निनावी नियोजकांना वाटून देणं सोपं नसतं.

मग रोजच्या दिवसात करायचं काय? वेळ कुठे आहे, हा प्रश्न मला कुणी विचारला की मी व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरची पद्धत सांगते, कारण तिला वेळ जवळजवळ लागत नाही. मोठा निर्णय घेताना त्यातून काय होईल असं आपल्याला वाटतं, ते लिहून ठेवायचं आणि नऊ-बारा महिन्यांनी प्रत्यक्षाशी ताडून पाहायचं. हेच ड्रकर दर तीन-चार वर्षांनी एक संपूर्ण नवा विषय अभ्यासाला घेत, अगदी जपानी कलेपासून संख्याशास्त्रापर्यंत, आणि साठेक वर्षं त्यांनी हे चालवलं. तेवढी झेप मला जमणारी नाही. वही मात्र जमली. साधी रेघांची वही, प्रत्येक पानावर चार गोष्टी: निर्णय काय, का घेतला, काय व्हावं असं वाटतं, कधी तपासायचं. शेवटच्या ओळीतली तारीख मी कॅलेंडरमध्येही टाकते, नाहीतर वही कपाटात झोपते.

या वहीनं मला जे दाखवलं ते मी कुठे वाचलं नव्हतं. पैशाच्या निर्णयांचं बरंवाईट तिमाहीभरात दिसायला लागतं, माणसांच्या निर्णयांचं वर्ष उलटलं तरी धूसर असतं. म्हणून आपण पैशाबाबत लवकर शहाणे होतो आणि माणसांबाबत तसेच राहतो. आणखी एक. काही निर्णय उत्तम फळले, पण मी लिहिलेल्या कारणानं नव्हे. एका नव्या भागात आमची विक्री चांगली वाढली. पानावर कारण लिहिलं होतं 'कमी किंमत'. तपासायला गेल्यावर ग्राहक सांगत होते, तुमचा माणूस तक्रारीचा फोन त्याच दिवशी उचलतो. वही नसती तर मी पुढच्या भागात खुशाल किंमत कमी केली असती, आणि तो फोन उचलणारा माणूस दुसऱ्या कामाला लावला असता. संस्था कशा शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या क्रिस आर्गिरिस यांनी 1991 मध्ये लिहिलं होतं, की हुशार, उच्चशिक्षित माणसं शिकण्यात कच्ची राहतात, कारण ती फारशी अपयशी झालेलीच नसतात. मी त्यात एवढंच जोडेन, की यशाचीही झडती घ्यावी लागते, आणि ती घेण्याची इच्छा कुणालाच नसते.

गेल्या वर्षी माझ्या एका सहकाऱ्यानं वही पाहिली आणि विचारलं, "हे तुम्ही एकट्याच लिहिता? आम्हाला काय वाटतं तेही लिहू दे ना." तेव्हापासून मोठ्या निर्णयाच्या बैठकीत प्रत्येक जण आपला अंदाज कागदावर लिहितो, मी बोलायच्या आधी. माझा कागद सगळ्यात शेवटी उघडतो. मधल्या फळीतल्या लोकांचे अंदाज एकमेकांच्या जवळपास येतात आणि माझा त्यांच्याहून जास्त आशावादी असतो, हे आता सगळ्यांनाच माहीत झालंय. मागच्या बैठकीत एका मोठ्या ग्राहकासाठी स्वतंत्र पथक उभारायचं ठरलं. सगळ्यात वेगळा कागद सेवा विभागातल्या नव्या मुलीचा होता. तिनं लिहिलं होतं, या ग्राहकाची कामं वेळेवर होतील, पण सहा महिन्यांत छोटे ग्राहक तक्रार करू लागतील, कारण चांगली माणसं आपण तिकडे नेली. मी तिला विचारलं, हे कशावरून? तिनं कुठल्या छोट्या ग्राहकाचं काम कोण बघतं याची यादीच काढून दाखवली. पथकातली दोन नावं आम्ही तिथेच बदलली, बाकी निर्णय तसाच ठेवला, आणि तिचा कागद वहीत चिकटवला. तपासायची तारीख पुढच्या तिमाहीत आहे. छोट्या ग्राहकांच्या तक्रारींची मोजदाद तीच करते आहे, आणि दर सोमवारी आकडा थेट माझ्याकडे येतो, मध्ये कुणाच्याही टेबलावर न थांबता.